टक टक वाजते, पण गाडी सुरू होत नाही

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा, कारण आज सुरुवातीला एक आवाज ऐकवायचा आहे. ऐका. टक. आता दुसरा. टक-टक-टक-टक-टक.

ही पाल चुकचुकत नाही. गाडीला चावी लावून फिरवली आणि इंजिन सुरू व्हायच्या ऐवजी आतून नुसता असा आवाज आला, तर काय समजायचं, ते आज सांगायचं आहे. या टकटकीपायी आमच्या गटाचे चार हजार तीनशे रुपये गेले आणि आमच्या एका काकूंचं कानातलं सराफाकडे गेलं. म्हणून हा विषय घेतला. गाडीचा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं आम्हाला एकदोघांनी विचारलं. पण आता कितीतरी गटांकडे टेंपो आहे, रिक्षा आहे, कुणाच्या दारात घरची गाडी आहे. ती बंद पडली की खर्च कुणाच्या वहीत पडतो, हे आपल्याला माहीत आहे.

आमचा बारा जणींचा गट वाईजवळच्या एका गावातला. ज्वारीच्या आणि बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं करतो आणि आठवड्यातून चार दिवस साताऱ्याला पोचवतो. त्यासाठी जुनी, पाच दारांची पेट्रोल गाडी घेतली. मागचं सीट दुमडलं की डबे आणि टोपल्या बसतात. चालवतात आमच्यातल्याच एक वहिनी. त्यांचं लायसन पक्कं आहे आणि घाटात हात आमच्या गावातल्या पुरुषांपेक्षा बरा आहे. हे आम्ही त्यांच्या समोर म्हणत नाही, आज रेडिओवर म्हणतो.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. पहाटे पाच वाजता साडेतीनशे भाकरी बांधून तयार. वहिनींनी चावी फिरवली. टक. परत फिरवली. टक. डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले, हॉर्न वाजतोय, आणि इंजिन काही घेत नाही. आवाज ऐकून चार घरांतली माणसं जमली. एकाने पेट्रोल संपलं म्हटलं, एकाने बाईमाणसाला गिअर कळत नाही म्हटलं. शेवटी सगळ्यांनी धक्का मारला, वहिनींनी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. भाकरी वेळेवर गेल्या. तो दिवस निभावला.

संध्याकाळी गॅरेजवर नेली. मेस्त्रींनी बॉनेट न उघडता सांगितलं, "सेल्फ गेला. साडेसहा हजार." आम्ही घाबरलो. गटाची शिल्लक होती अकरा हजार चारशे. त्यातले आठ हजार आमच्या एका काकूंना द्यायचे ठरले होते, त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता होता. बाकीचे ज्वारीला. साडेसहा हजार काढले असते तर फी आणि ज्वारी दोन्ही अडली असती. मग सभेत कुणीतरी म्हणालं, सेल्फ कशाला, बॅटरी तीन वर्षांची झाली आहे, तीच बदला, थंडीत बॅटऱ्या जातातच. आम्हाला ते पटलं. खरं सांगायचं तर स्वस्त होतं म्हणून पटलं. ठराव लिहिला, सह्या झाल्या, जुनी बॅटरी बदल्यात देऊन चार हजार तीनशेला नवी आणली. काकूंना आठऐवजी पाच हजार दिले. त्यांनी काही तक्रार केली नाही. कानातलं ठेवून उरलेले उभे केले, हे आम्हाला नंतर कळलं.

गाडी तीन आठवडे छान चालली. ऐन संक्रांतीच्या आधी, तिळगुळाच्या ऑर्डरी घेऊन निघायच्या वेळी, परत टक.

नवी बॅटरी, आणि तरी टक! त्या दिवशी आम्ही गाडीभोवती नुसत्या उभ्या होतो. तेव्हा गटातली सगळ्यात लहान, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली एकजण हळूच म्हणाली, "मी मीटर आणू का?" सभेत ही मुलगी सहीपुरतं बोलायची. तिने आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आहे आणि प्रमाणपत्र ट्रंकेत आहे, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. गटाच्या नोंदवहीत शिक्षणाचा रकाना आहे, तिथे आम्हीच बारावी लिहून मोकळ्या झालो होतो.

आता तिने आम्हाला जे समजावलं ते सांगतो. चावी फिरवली की बॅटरीतली वीज एका लहान मोटरला जाते. ती मोटर म्हणजे सेल्फ. सेल्फ इंजिनला पहिला फेरा देतो आणि मग इंजिन स्वतःच्या पेट्रोलवर फिरायला लागतं. सेल्फच्या डोक्यावर एक जाडसर स्विच असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. चावीने आधी हा स्विच ओढला जातो, आणि तो ओढला गेल्याचा आवाज म्हणजे ती टक. टक आली याचा अर्थ चावी, तिची वायर आणि तो स्विच बऱ्यापैकी काम करतायत. अडलंय ते पुढे, म्हणजे मोटर फिरवण्याइतकी वीज तिथे पोचत नाही, किंवा पोचूनही मोटर फिरत नाही.

दिवे लागले, हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी आणि वायरी ठीक, ही आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. घरातली इस्त्री चार-पाच अँपिअर घेते. गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. सेल्फला मात्र लहान पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात, डिझेलला आणखी. नळाच्या पाइपात गाळ बसला तर तांब्या भरतो, पण बागेला पाणी सोडलं की धारच येत नाही, तसंच हे. थोड्या विजेला वाट पुरते, जास्तीच्या विजेला पुरत नाही.

या सेल्फविषयी तिने आणखी एक गंमत सांगितली. पूर्वी मोटारी पुढून लोखंडी हँडल मारून सुरू करत. आपल्याकडे जुन्या जीपला हँडल मारताना आमच्या आज्या-आजोबांनी पाहिलंय. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनियरने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसवला गेला. त्यानंतर गाडी सुरू करायला ताकदवान माणूस शोधावा लागेना, बाईने एकटीने गाडी काढणं सोपं झालं. म्हणजे सेल्फ बंद पडल्यावर आम्ही पहाटे धक्का मारायला पुरुष शोधत होतो, तेव्हा शंभर वर्षं मागे गेलो होतो म्हणायचं.

असो. आमच्या गाडीकडे येऊ. मीटर लावण्याआधी तिने सगळ्यांच्या हातातल्या पाटल्या, अंगठ्या, घड्याळं काढायला लावली, आणि हे तुम्हीही ऐकून ठेवा. बॅटरी बारा व्होल्टची असते, तिला हात लागला तर झटका बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण धातूची बांगडी किंवा पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकला, तर क्षणात लालबुंद तापतो. बांगडी हातातून निघायच्या आत भाजतं. काचेच्या बांगड्यांतून वीज जात नाही, त्या राहिल्या तरी चालतील. मंगळसूत्र लोंबत असेल तर आत घ्या. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा, कारण गाडी सुरू झाली की आत पंखा आणि पट्टा फिरतो. बॅटरीजवळ काडी, उदबत्ती, विडी काही नको. बॅटरीतून जो वायू निघतो तो पेट घेतो.

मग तिने वहिनींना हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितली. ही परीक्षा फुकट आहे आणि मीटरशिवाय होते, म्हणून नीट सांगतो. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एकीने समोर उभं न राहता बाजूने दिव्यांकडे बघायचं, दुसरीने चावी फिरवायची. टक-टक-टक-टक अशी भराभर टकटक आली आणि दिवे एकदम मंदावले, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते नाहीतर तिच्या टोकांवरची जोडणी सैल किंवा खराब असते. स्विच ओढला जातो, त्याबरोबर बॅटरी मान टाकते, स्विच सुटतो, बॅटरी जरा सावरते, परत स्विच ओढला जातो. म्हणून ती घाई. आणि एकच जड टक आली, दिवे तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीत जोर आहे. मग दोष सेल्फमध्ये, त्याच्या स्विचमध्ये, किंवा तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या जाड केबलींमध्ये. टकसुद्धा आली नाही तर ती वेगळी कथा. फ्यूज, चावीचा स्विच, काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबलेला नसणं, अशी त्याची कारणं असतात.

आमचे दिवे लख्ख राहिले. एकच टक. म्हणजे नव्या बॅटरीचे पैसे वाया गेले हे तिथेच कळलं. जुनी बॅटरीही चांगलीच होती बहुधा. डिसेंबरमध्ये ही परीक्षा केली असती तर! पण मेस्त्रींचंच खरं, सेल्फ गेला, असंही ती म्हणाली नाही. तिने मीटर लावला.

मीटर म्हणजे मल्टिमीटर, विजेच्या सामानाच्या दुकानात साधा तीनशेच्या आसपास मिळतो. वीस व्होल्टच्या डीसी खुणेवर ठेवायचा, लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. बारा किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आमची १२.६. चावी फिरवत असताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी दमलेली समजायची. आमचा जेमतेम १२.४ वर आला. म्हणजे बॅटरीतून जोराची वीज निघतच नव्हती. कुठेतरी वाट बंद होती.

वीज जाते तशी परतही यावी लागते. गाडीत ती परत येते इंजिनच्या आणि बॉडीच्या लोखंडातून, आणि तिथून एका जाड काळ्या केबलने बॅटरीच्या उणे टोकाला. तिला अर्थ म्हणतात. आमच्या गाडीत उणे टोकाकडून दोन केबली निघतात, एक बॉडीला, एक इंजिनला. दिव्यांची वीज बॉडीच्या केबलने परतते, म्हणून दिवे ठणठणीत. तिने मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकावर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि म्हणाली, "वहिनी, फिरवा." केबल चांगली असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या आत तरी. मीटरवर आले साडेसात. बारातले साडेसात व्होल्ट त्या एका केबलीतच अडकत होते. सेल्फला काय मिळणार?

पण आकड्यावर आमचा विश्वास बसेना, आम्ही भाकरी मोजणाऱ्या. मग तिने शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या दादांकडून जंपर केबल मागून आणली. त्यातल्या काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरं सरळ इंजिनच्या लोखंडी हुकाला लावलं. म्हणजे खराब केबलीला बाजूने दुसरी वाट करून दिली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आमच्या काकू, कानातलं गहाण ठेवलेल्या, तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढंच होतं?" यावर आमच्यापैकी कुणाला काही बोलता आलं नाही.

केबल काढून पाहिली. वरून काळं रबर धडधाकट, पण इंजिनला जिथे बोल्टने बसते त्या टोकाला आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटत आलेल्या, बोल्टखाली गंज. वाईकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. डिसेंबरमध्ये बॅटरी बदलताना केबल हलली असणार, टोक तेवढ्यापुरतं नीट टेकलं, म्हणून तीन आठवडे गाडी चालली. आम्हाला वाटलं बॅटरीचा गुण आला. नवीन केबल टोकांसकट दोनशे ऐंशी रुपये. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, केबल घट्ट आवळली. तेव्हापासून गाडी टक करून थांबलेली नाही.

तुमच्याकडे मात्र केबलच असेल असं नाही. बहुतेक वेळा दोष आणखी साधा असतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं पीठ साचलेलं असतं, किंवा क्लॅम्प हाताने फिरतो इतका सैल असतो. हे घरी होतं. इंजिन बंद, चावी बाहेर. आधी काळी, उणे बाजूची केबल सोडायची, मग लाल. लावताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम चुकवू नका, पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते ती याच चुकीने. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवायचा, जुन्या दातांच्या ब्रशने घासायचं, फेस येतो, तो येऊ द्यायचा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही. ते पीठ डोळ्यांना आणि कातडीला वाईट, हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी बांधा. पुसून कोरडं करून क्लॅम्प आवळायचे आणि वरून व्हॅसलिनचा हात द्यायचा. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर, खुणेपर्यंत. विहिरीचं किंवा फिल्टरचं नाही, आणि अॅसिड तर कधीच नाही.

बॅटरी खरंच उतरली असेल आणि निघायची घाई असेल, तर दुसऱ्या गाडीवरून वीज घेता येते. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच हव्यात, मोठ्या ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून घ्यायची नाही. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगलीच्या अधिकला. मग काळी चांगलीच्या उणेला, आणि शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता त्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीच्या तोंडाशी नको. चावी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये दम घ्या, नाहीतर चांगला सेल्फ जळेल.

गाडी सुरू झाली की मीटर परत बॅटरीवर लावा. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. बारावरच अडकले असतील तर चार्जिंग होत नाही, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा दाखवायला हवा. नाहीतर नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत बसेल. आणि सगळं ठीक असून, टोकं स्वच्छ, केबली चांगल्या, बॅटरी भरलेली, तरी एकच टक आणि दिवे लख्ख, तेव्हा मात्र सेल्फ उतरवायला सांगा. तेव्हाही लगेच नवा नाही. आतले कार्बन झिजलेले असतात किंवा स्विचचे पॉइंट जळलेले असतात, ते पुष्कळदा दुरुस्त होतात. काहीजण सेल्फवर हलकी ठोक मारून गाडी सुरू करून देतात. त्याने घरी पोचता येतं, रोग तसाच राहतो.

गॅरेजच्या मेस्त्रींनी आम्हाला फसवलं, असं आम्ही म्हणत नाही. एकच टक ऐकून सेल्फ म्हणणं दहातल्या काही वेळा बरोबरही येत असेल. आम्ही तरी काय केलं? त्यांनी आवाजावरून सांगितलं आणि आम्ही स्वस्ताईवरून ठरवलं. आता आम्ही त्यांच्याकडेच जातो, पण "दादा, मीटर लावून दाखवा" म्हणतो, आणि बदललेला पार्ट परत मागून घेतो. पहिल्यांदा त्यांना राग आला. आता तेच आमच्या धाकटीला विचारतात, अर्थ पाहिलास का गं?

जुनी बॅटरी मात्र घरी ठेवून घेऊ नका, भंगारात फोडायलाही देऊ नका. आत शिसं आणि अॅसिड असतं, मुलांना ते विष आहे. बॅटरीच्या दुकानात दिली की बदल्यात पैसेही कमी होतात.

आमच्या गटाने नंतर दोन गोष्टी वहीत घेतल्या. एक, गाडीच्या प्रत्येक फेरीमागे पन्नास रुपये वेगळे, दुरुस्तीसाठी. दुसरी, हजाराच्या वरचा दुरुस्तीचा ठराव मीटरचे आकडे लिहिल्याशिवाय घ्यायचा नाही. धाकटीच्या नावापुढे शिक्षणाच्या रकान्यात आता आयटीआय वायरमन लिहिलंय. शेजारच्या दोन गटांच्या रिक्षा ती तपासून आली, शंभर-शंभर रुपये घेतले, आणि ते घ्यायला आम्हीच तिला भाग पाडलं.

काकूंचं कानातलं मार्चमध्ये सुटलं. व्याज गटाने भरलं. मुलीच्या पुढच्या हप्त्याचे आठ हजार आत्ताच वेगळे काढून ठेवले आहेत, आणि त्यांना गाडीसाठी हात लावायचा नाही, असा ठराव झाला आहे. त्या ठरावावर पहिली सही वहिनींची आहे.